हो म्हनले नाई अजून

कवडू शेंडे न्हाणीघराचं दार लावण्याआधी दाराला सांगतो. "लावून राह्यलो बरं," म्हणतो, दोन क्षण थांबतो आणि मग कडी घालतो. कूलरमध्ये पाणी ओतण्याआधी कूलरला सांगतो. भाजीत हळद टाकण्याआधी भाजीला सांगतो. एका रविवारी तो अंगणात मासा साफ करायला बसला होता. रोहू बाजारातून आणलेला, चांगला मेलेला, डोळे पांढरे पडलेले. त्याला म्हणाला, "आता पोट फाडा लागते गा." आणि थांबला. मीही थांबलो. माशाची काही हरकत दिसली नाही.

हा कवडू आमचा भाडेकरू. चंद्रपुरात आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. तिच्या खिडकीतून थर्मल वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, एवढंच तिचं सौंदर्य. तिथे तो साडेतीन वर्षं राहिला. पहिल्याच दिवशी खोलीत पाय टाकण्याआधी उंबऱ्याशी उभा राहून त्याने खोलीला आपलं नाव-गाव सांगितलं. आमची ही स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहत होती. ती नजर मी ओळखतो. असल्या माणसांना घरात मीच आणतो, असा तिचा एक जुना आरोप आहे.

मी त्याला विचारलं, "बाबा रे, हे काय चालवलं आहेस?"

"सांगून करा लागते, भाऊ," तो म्हणाला. "न सांगता केलं तं समोरचा घाबरते."

"समोर दार आहे."

"सवय असू द्या लागते ना."

कवडू पोंभुर्ण्याकडचा. जातीने ढिवर, तलावात मासे धरणारं घर. त्याच्याआधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून हा जन्मल्याबरोबर आईने त्याला शेजारणीला एका कवडीला विकून पुन्हा मागून आणला. म्हणजे यमाच्या दप्तरी हा दुसऱ्याचा. नाव तेच पडलं. बारावीला विज्ञान घेऊन पास झाला, पण पुढे बारा-तेरा वर्षं बापाबरोबर जाळंच फेकलं. बाप वारला आणि त्यानंतर वर्षभरात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, हा गडी रेस्पिरेटरी थेरपिस्ट व्हायला चंद्रपुरात आला. वर्गातली बाकीची पोरं अठरा-एकोणीसची. पहिल्या तासाला तो आत शिरला तेव्हा सगळी उभी राहिली. त्यांना वाटलं सर आले.

ज्याला स्वतःचा श्वास पुरत नाही त्याला मशीनने श्वास द्यायचा, मास्क बसवायचा, घशातल्या नळीतला कफ काढायचा, असं हे काम. त्याच्या गावात हे नाव कोणाच्याच जिभेवर बसलं नाही. त्याची आई आठवडी बाजारात मासे विकते. ती गिऱ्हाइकांना सांगायची, "माहा पोरगा हवेच्या कॉलेजात हाये." कोणीतरी विचारलं, सायकलीत हवा भरायला एवढी वर्षं कशाला लागतात? ती म्हणाली, "मोठ्या गाड्याइची असन."

अभ्यासात तो बरा होता. हाताने तर फारच बरा. जाळं विणणारी ती बोटं नळ्या आणि झडपा अशा जोडायची की पाहत राहावं. गाडी अडली ती शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात.

त्या परीक्षेत खाटेवर एक प्लास्टिकचा बाहुला असतो. त्याच्या घशात नळी. नळीतला कफ ओढून काढून दाखवायचा, वेळ आठ मिनिटं. बाहेरगावचे परीक्षक घड्याळ धरून बसलेले. कवडू खाटेजवळ गेला आणि म्हणाला, "भाऊ, मी कवडू. जेवले का? तुमच्या घशात नळी हाये, तिच्यातला कफ काढा लागते. खोकला येईन, जीव घाबरल्यावानी होईन, पन मी इथीच हावो. काढू का?"

आणि थांबला.

एक मिनिट गेलं. परीक्षक म्हणाले, "पुढे करा."

कवडू म्हणाला, "सर, हो म्हनले नाई अजून."

नापास झाला. आला तो सरळ माझ्यासमोर येऊन बसला आणि हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. मी चिडलो. मला चिडायला फार लागत नाही. म्हटलं, "गाढवा, तो प्लास्टिकचा आहे! तो काय बोलणार?"

"थो नाई बोलनार. मले माहीत हाये."

"मग थांबलास कशाला?"

"सांगतलं का मंग थांबा लागते, भाऊ. नाई तं सांगून काय फायदा?"

ते प्रात्यक्षिक पास झाल्याशिवाय त्याला कुठल्या दवाखान्यात हात लावू देणार नव्हते. सहा महिन्यांनी परीक्षा पुन्हा होती. आई थकली होती, एकटीच्याने बाजार होत नव्हता. "औंदा नाई झालं तं तलावावर वापस," तो म्हणाला. आवाजात काही चढ-उतार नाही, बस सुटली असं सांगावं तसा. मला मात्र ते लागलं. तीन वर्षं ज्या माणसाने माझ्या दाराचीसुद्धा परवानगी घेतली, तो असा परत जावा, हे मला बघवणार नव्हतं.

तेव्हा त्याला शिकवायचं मी मनावर घेतलं. मी स्वतः बाहुला झालो. दिवाणावर आडवा पडलो, तोंडात पेनचं टोपण धरलं, बायकोला घड्याळ दिलं. अट एकच, की मी काही बोलणार नाही आणि त्याने थांबायचं नाही.

"भाऊ, मी कवडू. जेवले का?"

मी गप्प.

"बाई," त्याने आमच्या हिला विचारलं, "भाऊ बोलून काऊन नाई राह्यले? रागावले का?"

असे आम्ही पंधरा दिवस घालवले. शेवटी मलाच भूक लागायची आणि मी टोपण काढून सांगायचो की नाही जेवलो. त्याला बरं वाटायचं.

इथे माझ्या छातीविषयी दोन शब्द सांगायला हवेत. मी कोळशाच्या खाणीत मायनिंग सरदार, म्हणजे खाली उतरणाऱ्या टोळीचा मुकादम होतो, एकतीस वर्षं जमिनीखाली. एवढ्या वर्षांत छातीत जे साठतं ते साठलं आहे. माझा एक्स-रे पाहून डॉक्टर इतका खूश झाला की त्याने तो वर्गात दाखवायला मागून घेतला. तेव्हापासून कॉलेजच्या परीक्षा आल्या की मला बोलावणं येतं. ज्यांच्या छातीत ऐकण्यासारखं काही आहे अशा माणसांना तिथे परीक्षेचे पेशंट म्हणून झोपवतात. पोरं येतात, नळी लावतात, पाठीवर ठकठक करतात. चहा-बिस्किटं, दुपारचं जेवण आणि वर "काका, छान खोकलात" हे कौतुक. माझ्या छातीवर किती तरी पोरं पास झाली. घरात या कामाची किंमत नाही, ती गोष्ट वेगळी.

या वेळी प्रात्यक्षिक बाहुल्यावर नसून जिवंत माणसावर होतं. श्वासाच्या मशीनचा मास्क तोंडावर बसवायचा आणि कमी दाबाने हवा सुरू करून दाखवायची. मला बोलावणं आलं. मी कवडूला काही बोललो नाही. मनात ठरवून टाकलं, हा माझ्या वाट्याला आला तर त्याचं वाक्य संपायच्या आत हो म्हणायचं. वशिला म्हणा हवं तर.

परीक्षेच्या सकाळी आमच्या हिने दोघांपुढे भाजी-भाकरी ठेवली. मी जेवलो. कवडूने ताटाकडे पाहिलं आणि ताटाला म्हणाला, "आता नाई जमत. वापस येतो." आणि गेला.

माझ्यावर पहिली आली ती त्यांच्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. नाव नाही, गाव नाही. तिने मास्क उचलला, नाका-तोंडावर दाबला, मागे पट्टे ओढले आणि मशीन चालू केलं. एकही चूक नाही. आणि एकदम हवेचा लोट तोंडात घुसला. खाणीत एकदा आमच्या पुढ्यात छत बसलं होतं, तेव्हा धुळीचा असाच लोट अंगावर आला होता. पुढचं मला नीट आठवत नाही. मास्क ओरबाडून मी खाटेवर उठून बसलो होतो आणि सिस्टर माझे हात धरत होत्या. मुलीला पूर्ण मार्क मिळाले. मास्क तिने बसवला होता, काढला मी.

मी सिस्टरला सांगितलं, आता कोणीही आलं तरी हे तोंडाला लावू देणार नाही. परीक्षक तेच, मागच्या वेळचे. ते म्हणाले, "पेशंट नाही म्हणतोय, हाही परीक्षेचाच भाग समजू. पुढचा कोण?"

पुढचा कवडू होता.

तो खाटेजवळ आला. मला पाहिलं. ओळख दाखवली नाही. परीक्षा म्हणजे परीक्षा. "भाऊ, मी कवडू. जेवले का?"

"हो," मी म्हटलं. हे सोपं होतं.

त्याने मास्क माझ्या हातात दिला. "तुमीच धरा. हवा तळहातावर घेऊन पाहा." घेतली. "आता गालावर." घेतली. "तोंडावर आली का जोरात वाटन. नदीच्या धारेकडे तोंड करून उभं राह्यल्यावानी. धारेसंगं भांडाचं नाई. थे भरते, तुमी फक्त सोडा. नाई जमलं तं हात वर करा, मी तवाच काढतो. लावू का?"

आणि थांबला.

मी हो म्हणणार होतो. वाक्य संपायच्या आत म्हणणार होतो, तसं ठरलं होतं. पण तोंडातून शब्द फुटेना. परीक्षक घड्याळ बघत होते. पोराचं सगळं आयुष्य माझ्या एका शब्दाला टांगलेलं आहे हे मला कळत होतं आणि तरी मला तो शब्द काढता येत नव्हता. मी घाबरलो होतो. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

"वेळ जातोय," परीक्षक म्हणाले.

कवडू हलला नाही. तोंडावर घाई नाही, राग नाही. दाराशी थांबतो तसाच थांबला होता.

किती वेळ गेला कोण जाणे. मी म्हटलं, "लाव."

मग त्याची बोटं चालली. मास्क बसला, पट्टे बसले, हवा आली. धारेसारखीच आली. मी भांडलो नाही. ती भरत गेली, मी सोडत गेलो, आणि खूप वर्षांनी माझी छाती खालपर्यंत भरली.

परीक्षकांनी विचारलं, "काम दोन मिनिटांचं. बाकी सगळा वेळ बोलण्यात घालवलास. मागच्या वेळीही तेच. का?"

कवडूने माझ्या मास्कची कडा बोटाने एकदा तपासली. मग म्हणाला, "सर, माह्या बाबाले असाच मास्क लावला होता. काय हाये, कोनी सांगतलं नाई. आमी ढिवर. तोंडावर पानी आलं तं झटकाचं, हे लहानपनापासून. थे झटकत गेले. मंग त्याइचे हात बांधले. मी काचेच्या भाईर होतो. थे काहीतरी विचारून राह्यले होते, सर. तोंड हालून राह्यलं होतं. उत्तर द्याले कोनी नोता." आणि मग म्हणाला, "थे गेले तवा हात बांधलेलेच होते."

परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. कवडू त्या परीक्षेत पास झाला, आज गडचिरोलीच्या एका दवाखान्यात तेच काम करतो, आणि त्याची आई बाजारात सांगते की हवा मानसाची होती, गाड्याइची नाई. पण तो निकाल पुढे पंधरा दिवसांनी लागला. त्या घटकेला मी मास्कखाली पडलो होतो आणि मला सकाळचं ताट आठवत होतं. साडेतीन वर्षं हा माणूस बाहुल्यालासुद्धा जेवला का विचारत आला. त्याला कोणी विचारल्याचं मला काही आठवेना. मीही कधी विचारलं नव्हतं.

मी हात वर केला.

कवडूने परीक्षकांकडे पाहिलंसुद्धा नाही. तत्क्षणी मशीन बंद केलं, पट्टे सोडले, मास्क काढला. "काय झालं, भाऊ? घाबरले का?"

"तू जेवलास का?" मी विचारलं.

तो माझ्याकडे पाहत राहिला. ओठ हलले, पण आवाज आला नाही. परीक्षक घड्याळाकडे बघायचे थांबले होते. उत्तर यायला वेळ लागणार होता, आणि मी थांबलो.