पानगळ बघायला निघालेले प्रुइट

वाळवंटातल्या टूसॉनमध्ये ऑक्टोबर उजाडला तरी ऊन उतरत नाही आणि कूलरवाल्या डेलबर्ट प्रुइटचा फोन थांबत नाही. त्यामुळे "पुढच्या वर्षी नक्की" हे वाक्य तो बायकोला चौतीस वर्षं ऐकवत आला होता.

लोर्ना दूर ईशान्येकडच्या, थंड व्हर्मॉन्टची. ऑक्टोबर लागला की ती खिडकीशी उभी राही. बाहेर वाळू, खडी आणि निवडुंग. निवडुंगाला पानंच नाहीत, तो बिचारा गाळणार काय? "आमच्याकडे आता मेपलची झाडं लाल झाली असतील," ती म्हणे, आणि "एकदा तरी वर डोंगरावर अ‍ॅस्पनची पिवळी झालेली झाडं बघायला नेशील का?" असं विचारी.

यंदा तिने विचारलंच नाही. डेलबर्ट घाबरला. बायको भांडत असते तोवर संसार ठीक चाललेला असतो, एवढं त्याला कळत होतं. (याहून जास्त काही कळत नव्हतं.)

"लोर्ना, शनिवारी सकाळी सातला तयार राहा. स्वेटर घे. कुठे जायचं ते विचारू नकोस."

लोर्ना त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने त्याला घट्ट मिठी मारली आणि ढसाढसा रडली. डोंगरावरच्या एका चकरेसाठी एवढं? हे आपण तीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं, असं डेलबर्टला वाटलं. (मग त्याने एका गिऱ्हाइकाच्या कूलरसाठी तो शनिवार पुढच्या शनिवारवर ढकलला.)

निघायच्या दिवशी दारात ही मोठी सुटकेस उभी.

"एका दिवसासाठी एवढी बॅग?"

"एका दिवसासाठी म्हणे! पुरे झाली थट्टा," म्हणत लोर्ना हसत गाडीत बसली. नवी केशरचना, नवे बूट. डेलबर्टने कण्हत बॅग डिकीत घातली.

दहा मिनिटांनी ती म्हणाली, "डेल, विमानतळ मागे राहिला."

"राहू दे की."

"अरे, विमानतळ दक्षिणेला आहे!"

"तो तिथेच असतो. आपल्याला तिथे काय काम?"

"काम? मग मी व्हर्मॉन्टला जाणार कशी? थेल्माला मी फोनसुद्धा केलाय!"

थेल्मा म्हणजे लोर्नाची थोरली बहीण. डेलबर्टच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला. स्वेटर, मिठी, रडणं, सुटकेस. त्याने गाडी कडेला घेतली.

"मी... इथेच वर, माउंट लेमनला न्यायचं म्हणत होतो. अ‍ॅस्पन बघायला."

लोर्नाने स्वेटरची घडी मांडीवर सारखी केली. "नाही रे, माझंच चुकलं," ती हळूच म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"वळवू का गाडी?"

"आता निघालोय तर चल."

अर्धं टूसॉन त्याच घाटात होतं. गाडी मुंगीच्या पावलांनी चढत होती. निवडुंग मागे पडले, पाइनची झाडं आली, हवा गार झाली. माथ्यावर उतरून डेलबर्टने वर पाहिलं. शेकडो अ‍ॅस्पन, पण सगळे नागडे! उलटे झाडू रोवल्यासारखे.

शेजारच्या गाडीतला म्हातारा कॉफी ओतत म्हणाला, "काल यायला हवं होतं. रात्री वारा सुटला आणि सगळं खाली."

डेलबर्टला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. "लोर्ना, पुढच्या वर्षी..." म्हणत तो वळला, तर ती जागेवर नव्हती. झाडांमध्ये शिरली होती. पोटरीभर पिवळी पानं तुडवत सावकाश चालत होती. चुर्र, चुर्र. मग थांबली, डोळे मिटले, परत चालू लागली.

"ऐकतोयस?" ती म्हणाली. डोळे भरले होते. "शाळेतून घरी येताना आम्ही मुद्दाम रस्त्याच्या कडेने चालायचो, पानांतून. आई आवाजावरून दारातूनच ओळखायची, मुली आल्या म्हणून. मला वाटायचं, मी रंगासाठी झुरतेय. रंग काय, चित्रातही दिसतो."

डेलबर्ट तिच्या शेजारून चालू लागला. चौतीस वर्षांत तिला नेमकं काय हवंय हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. बऱ्याच वेळाने त्याने गाडीतली औजारांची पिशवी रिकामी केली आणि गुडघ्यांवर बसून ओंजळीओंजळीने पानं भरू लागला. तिच्यासाठी, घरी न्यायला. लोर्नाने हसून त्याचा फोटो काढला आणि तिथल्या तिथे बहिणीला पाठवला.

उतरताना डेलबर्टची छाती फुगली होती. "म्हणजे आता व्हर्मॉन्टला जायची काही गरज नाही, काय?"

तेवढ्यात लोर्नाचा फोन वाजला. तिने संदेश वाचला आणि खुदकन हसली.

"जायचंय तर. तुलासुद्धा. थेल्मा तुझं तिकीट काढतेय."

"माझं?" डेलबर्ट विरघळलाच. चौतीस वर्षांत मेहुणीने त्याला कधी चहाचंही विचारलं नव्हतं. "काय म्हणतेय माझ्याबद्दल?"

"म्हणतेय, फोटो बघितला. अंगणात गुडघाभर पानं पडलीयत, उचलायला माणूस मिळत नाही. याचा हात चांगला बसलेला दिसतोय, लगेच घेऊन ये."