पाववाल्याची हिरवी व्हॅन

पाववाल्याची हिरवी व्हॅन लोकरी मोज्यात गुंडाळून क्लेमंट हॅदर्सली यांनी ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि खिशावरचा हात न काढताच ते मोटारीत बसले. मोटार चालवणारे, तांबड्या टोपीतले ते उंच गृहस्थ म्हणजे त्यांचे मित्र ऑस्वल्ड पिकरिंग. गेली तीस वर्षे लिंकनशायरात भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या जत्रेला हे दोघे एकाच मोटारीतून जात, एकाच थर्मासमधला चहा पीत, आणि गेली तीस वर्षे क्लेमंट ऑस्वल्डांवर बारीक नजर ठेवून होते.

"आज काय घेणार म्हणतोस?" ऑस्वल्डांनी विचारले.

"एनिडला किटली हवीय."

"सहा किटल्या आहेत तुझ्या बायकोकडे!"

"मग ही सातवी. तू काय घेणार?"

"मी? घड्याळ बघीन म्हणतो एखादं."

घड्याळ हा शब्द उच्चारताना ऑस्वल्डांनी घसा खाकरला, ही गोष्ट क्लेमंटांनी मनात टिपून ठेवली. वास्तविक ओतीव धातूच्या चिमुकल्या मोटारींवाचून उभयतांना इहलोकी अन्य आसक्ती नव्हती. क्लेमंट हे निवृत्त बस-तिकीट तपासनीस. अडतीस वर्षांच्या सेवेतून त्यांनी एकच सिद्धान्त काढला होता: मनुष्यजात ही मूलतः विनातिकीट असते. जत्रेतही ते प्रत्येक गाडी उलटी करून पाहत, रंगावर भिंग धरत आणि पुठ्ठ्याचे खोके नाकाशी नेऊन हुंगत. नव्याने छापलेल्या बनावट खोक्याला शाईचा वास येतो. अस्सल खोक्याला माळ्यावरचा, दमटपणाचा आणि किंचित उंदरांचा.

चार बोटे लांबीची ती हिरवी व्हॅन त्यांच्या कपाटातील मधल्या कप्प्याची अधिष्ठात्री देवता होती. ती ऑस्वल्डांकडूनच आली होती. लाल रंगाचा आगीचा बंब क्लेमंटांनी दिला, व्हॅन ऑस्वल्डांनी दिली. त्या अदलाबदलीतूनच ही मैत्री जुळली. आजही ऑस्वल्डांच्या घरी गेले, की क्लेमंट त्या बंबाकडे पाठ करूनच बसत. डोळ्यांवर उजेड येतो, असे कारण सांगत.

व्हॅनला उणीव एकच होती, तिच्या मूळ खोक्याची. खोक्याविना गाडी म्हणजे मखराविना मूर्ती. खोके घ्यायचे, तर गाडी त्यात बसवून पाहिलीच पाहिजे, म्हणून देवता आज मोज्यातून यात्रेला निघाली होती. ऑस्वल्डांना सांगण्याची सोय नव्हती. खोक्याची वार्ता लागताच हा गृहस्थ आधी जाऊन ते उचलील, याविषयी क्लेमंटांना तिळमात्र शंका नव्हती.

प्रवेशद्वाराशी दोघे दोन दिशांना गेले. तासाभराने, एका ताडपत्रीखालच्या स्टॉलवर, फुटक्या बश्यांच्या मागे, क्लेमंटांना ते खोके दिसले. पिवळे, एक कोपरा किंचित दबलेला. स्टॉलवाली ग्लेनिस बेकन-पाव आणायला गेली होती. त्यांनी व्हॅन मोज्यातून काढून टेबलावर ठेवली, डोळ्याला भिंग लावले आणि खोके उन्हात पाहण्यासाठी ते दोन पावले बाहेर आले. एकदा हुंगले. पुन्हा हुंगले. माळा, दमट, उंदीर! तथापि पहिल्या साक्षीवर निकाल देणे हे तपासनिसाला शोभत नाही, म्हणून त्यांनी चारही बाजूंनी सावकाश हुंगले.

मागे वळले, तो टेबलावर व्हॅन नव्हती. बश्यांमागे ग्लेनिस पाव खात बसली होती.

"बाई, इथली हिरवी व्हॅन?"

"विकली की. आत्ताच."

"विकली? ती माझी होती!"

"माझ्या टेबलावर होती, राजा. परत आले, बघितलं, वस्तूला चिठ्ठीच नाही. अशीच ठेवली तर कुणीही उचलून नेतो. लावली चिठ्ठी, पंचवीस पौंडांची."

"पंचवीस! तिचे तीनशे येतील, बाई, तीनशे!"

ग्लेनिसने घास चावायचा थांबवून त्यांच्याकडे अत्यंत करुणेने पाहिले. "काका, ती तर…"

"घेतली कुणी?"

"उंच होता. तांबडी टोपी. आणि सांगते, पंचवीस म्हटलं तर पंचवीसच दिले! कमी करा म्हणून तोंडातून शब्द नाही. बावीस वर्षं बसतेय इथे, असं गिऱ्हाईक नाही पाहिलं. तेव्हाच म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय."

तांबडी टोपी! पुढे काही विचारण्याचा घोळही न घालता क्लेमंटांनी ओळख पटवली. ऑस्वल्ड पिकरिंग! आणि घासाघीस न करता? चहाच्या दीड पौंडावरही जो घासाघीस करतो, तो?

"अहो, खोक्याचे पैसे!" ग्लेनिस ओरडली. क्लेमंटांनी चाळीस पौंड बश्यांत टाकले आणि बगलेत खोके मारून वयाला न शोभणाऱ्या वेगाने धाव घेतली. वाटेत घड्याळांचा स्टॉल लागला. तेथे ऑस्वल्ड नव्हते. पुरावा साचत चालला होता.

ऑस्वल्ड सापडले ते मोटारींच्या मैदानात. गाडीची डिकी उघडून, तिच्यात मान घालून, ते थुंकीने ओला केलेला रुमाल व्हॅनच्या पोटावर घासत होते.

"खूण पुसतोयस!" क्लेमंट गरजले. एनिडच्या नखरंगाचा एक गुप्त लाल ठिपका त्यांनी व्हॅनच्या पोटावर दिला होता.

ऑस्वल्ड दचकले, डोके डिकीच्या झाकणावर आपटले. "खूण नाही रे! ठिपका तुझा तसाच आहे. सगळ्या जत्रेला माहितीये तुझा ठिपका."

"मग काय पुसतोयस?"

"काही नाही. तू जा, किटली घे."

"तीस वर्षांचा मित्र! माझी व्हॅन पंचवीस पौंडांत गिळायला निघाला होतास!"

"तुलाच परत देणार होतो! घे. पण उलटी करू नकोस."

ज्याने आयुष्यात प्रत्येक वस्तू उलटी केली, त्याला हे सांगणे व्यर्थ होते. क्लेमंटांनी व्हॅन उलटी केली. ठिपक्याशेजारी चिकटवलेली, अर्धवट निघालेली चिठ्ठी होती. ग्लेनिसचे अक्षर मात्र ठसठशीत होते: 'नंतर रंगवलेली. २५.'

क्लेमंटांनी भिंग काढून चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

"कुणी रंगवली?" अखेर क्लेमंटांनी विचारले.

"मीच." ऑस्वल्डांनी टोपी काढून हातात धरली. "मूळची खरवडलेली होती. तीन आठवडे लागले, दोन केसांच्या कुंचल्याने. तुला दिली, आणि पुढच्याच रविवारी सांगणार होतो. तर तू चहाला बोलावलंस. कपाटाच्या मधोमध ठेवली होतीस, वर दिवा लावून. मग कसं सांगणार? आज त्या टेबलावर चिठ्ठीसकट दिसली, म्हटलं, क्लेमंटने ही चिठ्ठी वाचली तर संपलं. घासाघीस करायलासुद्धा सुचलं नाही."

क्लेमंट व्हॅनकडे पाहत राहिले. सबंध परगण्यातील सर्वांत संशयी नाकाने हिला तीस वर्षांत एकदाही हुंगले नव्हते. त्यांना संतापायचे होते. पण संतापाच्या आड काहीतरी येत होते, आणि ते लाल रंगाचे होते.

"ऑस्वल्ड," ते खोक्याशी बोलावे तसे बोलले, "त्या बंबाची शिडी…"

"छत्रीची काडी आहे. माहितीये."

"कधीपासून?"

"पहिल्याच रविवारपासून. घरी येऊन नीट पाहिली. खरं सांगू? तेव्हा कुठं जिवाला जरा स्वस्थ वाटलं."

क्लेमंटांनी पिवळे खोके उघडून व्हॅन आत सरकवली. ती तंतोतंत बसली. तीस वर्षांच्या त्या व्यवहारात अस्सल वस्तू काय ती हीच, आजची.

"किटली घ्यावी लागेल आता," ते म्हणाले. "एनिडला काय सांगू?"

"आधी चहा घे." ऑस्वल्डांनी थर्मासमधून ओतला आणि प्याला पुढे केला.

क्लेमंटांनी तो घेतला, सवयीने एकदा हुंगला, आणि ते चहा प्यायले.