मास्तरांचा उजवा पाय

कमरेचं ऑपरेशन झकास झालं, असं डॉक्टर म्हणाले. फक्त उजवं पाऊल वर उचलत नव्हतं, एवढंच. "एवढंच?" टेलरमास्तर वॉर्डभर कडाडले. शिलाई मशीनचं पेडल डॉक्टर येऊन दाबणार होता का?

घरी आल्यापासून तीन महिने त्यांच्या नाकावरचा राग उतरला नव्हता. पायाला पट्टा, भिंतीवर व्यायामाचा तक्ता, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारणार, "हलला का अंगठा?" काल मेहुण्यानेही विचारलं.

"तुझी पँट उद्या घेऊन जा आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस!"

पण पँट अर्धवट होती. म्हणून आज सकाळी मास्तरांनी पट्टा काढून भिरकावला आणि बाहेरच्या खोलीला आतून कडी घातली. बायको दार बडवत राहिली.

"अहो, डॉक्टर नको म्हणालेत!"

"मग त्यालाच सांग पँट शिवायला!"

मोटरवरचं मशीन सुरू झालं. पाऊल खाली दाबायला एका पायावर तयार होतं, वर यायचं तेवढं नाव घेईना. मोटर सुसाट सुटली. घाबरल्यावर गुडघा उचलायचं सुचतं कुणाला! दाराबाहेर बायकोला आधी "थांब, थांब" ऐकू आलं, मग "खिसा गेला!" आणि मग "बाही! माझी बाही!" तिने धावत जाऊन मेन स्विच पाडला.

दार उघडलं तेव्हा मास्तरांच्या डाव्या बाहीला मेहुण्याची पँट पक्की शिवलेली होती.

"हसलीस तर बघ!"

"हसू? बोटात सुई गेली असती म्हणजे?" भीती ओसरली तशी ती भडकली. तिने पेडल पायानेच डावीकडे ढकललं. "आणि डावा पाय काय शोभेला ठेवलाय?"

"चाळीस वर्षं उजव्याने शिवतोय मी! डाव्याने नवशिके शिवतात!"

"मग व्हा नवशिके. बसा!"

टिपा उसवल्या, मेन स्विच पुन्हा वर गेला आणि मास्तर धुसफुसत बसले. डाव्या पायाची पहिली टीप वाकडी गेली, तिचं खापर मेहुण्यावर फुटलं. दुसरी जरा बरी आली. चिंध्या गोळा करायला बायको खाली वाकली आणि तशीच थांबली. डावा पाय पेडलवर खाली-वर होत होता, आणि शेजारी उजव्या पायाचा अंगठा, कुणी न सांगता, अर्धा इंच उचलत होता. पुन्हा उचलला. तिचे डोळे भरून आले.

"काय शोधतेयस खाली?" मास्तर वरून खेकसले.

सांगितलं तर हा माणूस लगेच पेडल उजवीकडे घेणार, हे तिला ठाऊक होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "शिवा तुम्ही."