उंदरिणीचं अंथरूण

कडुनिंबाचा भुसा : शिंका.

भाताचं तूस : चिमण्या.

कागदाच्या पट्ट्या : घरटं सुरेख. सकाळी रिकामं.

मच्छिंद्र म्हणतो, म्हशीचे एवढे लाड आम्ही केले न्हाईत.

या पद्मजाच्या वहीतल्या नोंदी. सदाशिव पेठेतल्या एका औषध महाविद्यालयाच्या गच्चीवर पांढरे उंदीर वाढवायची खोली होती आणि ती चार महिन्यांपूर्वी पद्मजाच्या ताब्यात आली होती. तेव्हापासून उंदरिणी तीनदा व्याल्या, आणि तिन्ही वेळा आपलीच पिल्लं खाऊन मोकळ्या झाल्या. विश्वस्त आनंदीबाईंचा निरोप आला, "शुक्रवारी येते. पिल्लं दिसली नाहीत तर खोली बंद, उंदीर कात्रजला." कात्रजला सर्पोद्यान आहे. तिथे उंदीर पाहुणे म्हणून जात नाहीत.

दोष अंथरुणात आहे, असं पद्मजाला पहिल्यापासून वाटत होतं. बाळंतिणीला गादीच टोचली तर तिचं डोकं फिरणारच.

"करीमभाई, हा भुसा कुठल्या लाकडाचा?" तिनं सुतारखान्यात जाऊन विचारलं.

"कडुनिंब, ताई. एकदम औषधी."

"उंदीर शिंकतायत."

"म्हणजे लागू पडतंय."

मग खोलीची झाडलोट करणाऱ्या मच्छिंद्रनं बहिणीकडून पोतंभर तूस आणलं. त्यातले दाणे टिपायला खिडकीतून चिमण्या आल्या आणि पिंजऱ्यावर बसल्या. उंदरिणीला त्या घारीच वाटल्या असाव्यात. शेवटी पद्मजानं कोऱ्या कागदाच्या पट्ट्या स्वतः कातरल्या, बोटाला फोड येईस्तोवर. उंदरिणीनं त्यांचं गोल घरटं विणलं, त्यात ती व्याली, आणि दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं. का? पद्मजा तासन् तास पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून बसे.

मच्छिंद्र वारज्याचा. गोठ्याच्या जागी इमारत उभी राहिली, म्हशी गेल्या, हाताची सवय मात्र राहिली. रोज सकाळी सातला सगळं अंथरूण बाहेर, पिंजरा फिनेलनं धुऊन लख्ख, वर नवं अंथरूण.

"येक दिस घाण ठिवली न्हाय, म्याडम. वहीत ल्ह्या."

पद्मजानं लिहिलं होतं. खाली रेघही मारली होती.

त्या सोमवारी मच्छिंद्र गावच्या जत्रेला गेला. पद्मजा दाणापाणी घालत राहिली. झाडलोट तिच्या हुद्द्यात बसत नव्हती. गुरुवारी वास असह्य झाला. नाकाला रुमाल लावून तिनं पिवळ्या पडलेल्या घरट्याचा कोपरा उचलला. आत अकरा गुलाबी पिल्लं. पोटात दूध पांढरं दिसत होतं.

ती स्टुलावर बसली, आणि बऱ्याच वेळानं उलगडा झाला. अंथरुणाबरोबर मच्छिंद्र रोज आईचा वासही फेकून देत होता. बिचारी रोज परक्या घरात जागी होत होती, परक्यांच्या पोरांसोबत.

शुक्रवारी सातला मच्छिंद्र बादली घेऊन हजर.

"आरं द्येवा! चार दिस मी न्हाय, तर उकिरडा केला व्हय?"

"हात लावायचा नाही!"

तेवढ्यात नाकाला पदर लावून आनंदीबाई दारात.

"हा वास कसला?"

"घराचा," पद्मजा म्हणाली.

"कुणाच्या? आमच्याकडे असा येत नाही. मच्छिंद्र, ते सगळं आधी बाहेर काढा."

पद्मजा पिंजऱ्याला पाठ लावून उभी राहिली. मच्छिंद्रनं तिच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. मग बादली खाली ठेवली.

"न्हाय जमायचं, बाईसाहेब."

"का?"

"सोयर हाय. धा दिस शिवायचं न्हाय."

आनंदीबाईंचं पाऊल उंबऱ्यावरून मागे गेलं. "उंदरांना सोयर?"

"व्याली म्हंजी आलीच की. तुमी भावकीतल्या न्हाय, तुमाला लागत न्हाय. लांबनं बघा."

शास्त्रीय कारण सांगायचं सोडून पद्मजा पिंजऱ्यासमोरून बाजूला झाली. आनंदीबाईंनी चष्मा नीट करून लांबूनच पिल्लं मोजली.

"अकरा. बाराव्या दिवशी येते. तेव्हा वास नको."

मच्छिंद्रचा जत्रेच्या रजेचा अर्ज पद्मजानं "स्वच्छतेत खंड पडेल" असा शेरा मारून नामंजूर केला होता. तो तसाच गेला होता.