पानी हाललं!

आमच्या लग्नाचे फोटो म्हात्रेकाकांनी काढले आणि त्यात आम्ही नाही. नवरा नाही, नवरी नाही, पंगतही नाही. अख्खा रोल धुऊन आला तेव्हा त्यात होता फक्त वडाळे तलाव. सासरेबुवा पाकीट झटकून आत आणखी काही उरलंय का ते बघत राहिले.

काका मात्र निवांत. म्हणाले, "मानसं जाम हालतात रे. तलाव कसा गप बसला व्हता."

हे आमचे नवीन पनवेलचे शेजारी. मूळचे उरणचे, बंदरातली नोकरी करून निवृत्त झालेले. गळ्यात जुनाट कॅमेरा आणि डोक्यात एकच फोटो: संथ पाण्यावर उरणच्या मोरा बंदरातली लाँच आणि पाण्यात तिचं जसंच्या तसं प्रतिबिंब. त्यापायी दर रविवारी एसटीने उरण गाठायचं, मोऱ्याच्या धक्क्यावर ताटकळायचं आणि चेहरा पाडून परत यायचं. "जमलं का काका?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "पानी हाललं!" पुढे पुढे आमच्याकडे दूध उतू गेलं तरी बायको म्हणायची, "पानी हाललं!"

एकदा हौसेने मीही सोबत गेलो आणि पस्तावलो. भरती संपून पाणी थबकलं होतं. लाँच सुटली आणि काकांनी अख्ख्या धक्क्यादेखत आरोळी ठोकली, "ए, मशीन बंद कर! पानी हालतंय!"

लाँचमधले लोक आ वासून बघत राहिले. खलाशी ओरडला, "मशीन बंद केली तं लांच काय तुमच्या तोंडाच्या वाफेवर चालंल?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. काका पुटपुटले, "हालत्या पान्याचा फोटू काय कामाचा? बघूनच तिला लांच लागंल."

फोटो बघून कुणाला बोट लागते का? मी हात टेकले.

मग एका रविवारी जिन्यातूनच हाक आली, "नाय हाललं!" फोटो मोठा करून, चौकट घालून झाल्यावर काका मला घरी घेऊन गेले. काकू पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून आम्ही कुणी आतल्या खोलीत कधी गेलो नव्हतो. त्या उशीशिवाय उताण्या पडल्या होत्या. समोर दार, बाजूला कपाट, त्यामुळे फोटो लावला होता त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर. पाणी म्हणजे अगदी आरसा! मी वाहवा करणार तोच हादरलो. लाँचवरचं नाव उलटं होतं. इतकी वर्षं खपून या माणसाने फोटो खालचा वर टांगला होता!

"काका, अहो, उलटा लावलाय!"

"तुला उलटा," काका म्हणाले. "तिला सुलटा."

काकूंनी हळूच मान मागे टाकली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"मासळीची पाटी घेऊन रोज लांचनं मुंबईला जायची," काका हळू आवाजात सांगू लागले. "लांच धक्क्याला टेकायच्या आधीच उडी मारायची. मी वरडायचो. आता काय हालताना दिसलं तरी चक्कर येते तिला."

काकू फोटोकडे एकटक बघत होत्या. त्यांचे डोळे हसले.

"अवो, लांच लागली का धक्क्याला?"

काका खाली बसले आणि त्यांनी काकूंच्या कपाळावर हात ठेवला. मला पुढे बघवेना.

"लागली," काका म्हणाले. "पन तू उतरायची घाई नको करू."