हिरव्या दिव्याचं तळघर

२००८ साली, द्राक्षतोडणीच्या तोंडावर, वाइनसाठी नावाजलेल्या तोकायच्या डोंगरातल्या आमच्या गावाला सुरक्षितता प्राप्त झाली. माणसाचा जीव अमोल असतो. म्हणूनच तो वाचवायला सरकारी अनुदान लागतं.

रस आंबू लागला की तळघरात एक वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो जमिनीलगत बसून माणसाला गुदमरवतो. तोवर आम्ही मेणबत्ती गुडघ्याखाली धरून पायऱ्या उतरत असू. ती विझली की मागे फिरायचं. (हा उपाय पिढ्यान्पिढ्या प्रमाणपत्राविना चालला, यावरूनच त्याचा मागासलेपणा कळतो.)

अनुदानातून आलेलं नवं यंत्र लेसरच्या किरणाने हवा तपासत असे. हवा चांगली असली की हिरवा दिवा, नसली की लाल दिवा आणि भोंगा. आमच्या शेजारच्या वेन्डेलकाकाच्या तळघरात ते बसवलं, आणि भोंगा थांबेचना.

यंत्राचं बरोबरच होतं. पण पाहुण्याला तळघरात नेऊन पेला दिल्याशिवाय पाठवणं आमच्यात शोभत नाही, आणि भोंग्यापुढे पेला उंचावून म्हटलेलं ‘तुमच्या आरोग्यासाठी!’ ऐकू येत नाही.

सहकारी संस्थेचा अध्यक्ष देझो याने सखोल अभ्यास केला. यंत्र आधी छताशी नेलं, मग दाराबाहेर, शेवटी अंगणात अक्रोडाखाली. तिथे ते शांत झालं. दिवा मात्र तळघराच्या दारावरच ठेवला. इशाऱ्यांत शंभर टक्के घट झाली. संस्थेने मेणबत्तीवर बंदी घातली (आगीचा धोका).

“काका, आता बिनधास्त उतरा,” देझो म्हणाला.

“आणि मेणबत्ती?” वेन्डेलची बायको पिरोश्का म्हणाली.

“काकू, लेसरच्या जमान्यात मेणबत्ती? लोक हसतील.”

“हसू देत. तेच उद्या काळे कपडे घालून रडायला येतील.”

“गप गं म्हातारे,” वेन्डेल म्हणाला, “हिरवा आहे ना?”

तरीही तिने त्याच्या कमरेला विहिरीचा दोर बांधलाच. तो खाली गेला. थोड्या वेळाने तिने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग ती, मी आणि देझो, तिघांनी मिळून त्याला पिंपासारखं वर ओढलं. ओठ निळे पडले होते. बऱ्याच वेळाने डोळे उघडून त्याने विचारलं, “दिवा कुठला आहे?”

“हिरवा,” देझो म्हणाला.

“मग मला काही झालेलं नाही.”

अहवालातही तसंच लिहिलं गेलं. देझो पुढे जिल्ह्याचा सुरक्षा सल्लागार झाला. वेन्डेल बरीच वर्षं जगला, दोराला शिव्या देत, पण दोर बांधून. गेला तो अंथरुणातच. पिरोश्का मागच्या हिवाळ्यात गेली. तिच्यासारखी दोर धरणारी बाई गावात आता उरली नाही. यंत्र अक्रोडाखाली उत्तम चालू आहे.

हसताय ना? तुमच्या गाडीच्या धुराचं प्रमाणपत्र काढलंत, तेव्हा गाडी तिथे होती का?