आठ हातांवरचा दोरा

बेळगावच्या शहापुरातल्या गणपतआप्पांवर अन्याय झाला तो सत्याऐंशी साली, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, संध्याकाळी सव्वापाच वाजता. सुरेशच्या व्हिडिओ गेमच्या दुकानासमोरून त्यांना दंडाला धरून हाकलण्यात आलं. तिथे पॉलिटेक्निकची दहा-बारा पोरं होती. हसली सगळी. त्या दिवशी आप्पांना थोडं दिसत होतं. आज त्यांना काहीही दिसत नाही. मधल्या काळात ज्यांनी ज्यांनी डोळे उघडे असून पाहिलं नाही, त्यांची नावं सांगायची तर पहिलं नाव सुरेशचं नाही, माझं आहे. ते पुढे येईलच.

आप्पा विणकर. पस्तीस वर्षं खड्ड्याच्या मागावर साड्या विणल्या. यंत्रमाग आले तसे हातमाग एकेक करून बंद पडले, आणि आप्पा ज्या खोलीत बसून विणत होते ती खोली मालकाने सुरेशला भाड्याने दिली. सुरेशचा भाऊ आखातात. त्याने रंगीत टीव्ही पाठवला, एवढा मोठा की चौघांना उचलून आणावा लागला, आणि त्याला जोडायची खेळाची पेटी. सुरेशने मागाचा खड्डा बुजवून त्यावर फरशी घातली, टीव्ही मागच्या भिंतीला ठेवला आणि समोर बाकडं टाकलं. पडद्यावर वरून विमानं यायची, खालून आपण गोळ्या घालायच्या. शहापुरातली निम्मी तरुणाई त्या विमानांच्या मागे लागली.

दुकान उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी आप्पा तिथे आले, आणि त्यांनी खिशातून तांबड्या सुताची गुंडी काढली. टीव्हीच्या काचेपासून, कोपर ते बोट असा आपला हात टेकवत टेकवत, मागे आले. एक, दोन, तीन. आठव्या हाताला थांबले, दोन्ही भिंतींना खिळे ठोकले आणि जमिनीलगत दोरा ताणला.

"ह्याच्या म्होरं कुणी बसायचं न्हाई," त्यांनी जाहीर केलं.

"का ओ आप्पा? टीव्ही चावतोय व्हय?" एकाने विचारलं.

"डोळा म्हंजे कांडी न्हवं रं, सरली की दुसरी घालायला."

कांडी म्हणजे धोट्यातली सुताची नळी. विणताना ती संपते, विणकर दुसरी घालतो, काम पुढे चालतं. हे वाक्य आप्पा दिवसातून वीसदा म्हणायचे. पोरं त्यांना पाठीमागे 'कांडी' म्हणू लागली. थोड्या दिवसांनी तोंडावरही म्हणू लागली.

मागावर एक रीत असते. वीतभर कापड विणून झालं की ते रुळावर गुंडाळायचं, आणि गुंडाळता गुंडाळता मान वर करून दाराबाहेर लांब बघायचं. जुने विणकर माग दाराकडे तोंड करूनच मांडायचे. आप्पांच्या दारातून, दोन घरांच्या मधल्या फटीतून, येळ्ळूरचा डोंगर दिसायचा. "पस्तीस वर्सं त्यो डोंगर आमच्या डोळ्यास्नी पाणी पाजतोय," आप्पा सांगायचे. आणि सुरेशने काय केलं होतं? पोरांची पाठ दाराला आणि तोंड भिंतीला. आप्पांच्या लेखी हा गुन्हा होता. ते बाकड्यामागे उभे राहायचे. पोराचा डाव संपला, की दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून दाराकडे वळवायचे.

"डोंगर बघ. धा मोज. पापण्या मीट. आता खेळ."

"आप्पा, माझा नंबर जातोय."

"जाऊंदे. नजर गेली की नंबर घिऊन काय चाटायचाय?"

एकदा तहसील कचेरीतले एक कारकून आपल्या मेव्हण्याला टीव्ही दाखवायला घेऊन आले. ऐटीत पुढे जाऊन काचेपाशी उभे राहिले. आप्पांनी त्यांनाही दोऱ्यामागे ओढलं. "साकु साहेब, साकु. हितनंच बघा." साकु म्हणजे पुरे. आप्पांचा राग कानडीत असायचा आणि माया मराठीत. कारकून संतापले. मेव्हणा मात्र गपगार दोऱ्यामागे उभा राहिला आणि सांगितल्यावर डोंगराकडेही बघून आला.

आम्हाला हे सगळं फार गमतीचं वाटायचं. आम्ही म्हणजे गल्लीतलं तरुण मंडळ. अन्याय दिसला की पत्रक, हे आमचं काम. नळाला पाणी नाही, पत्रक. रेशनचं धान्य किडकं, पत्रक. मी स्टेन्सिल कापायचो, सायक्लोस्टाइल काढायचो, वाटायचो. आप्पांच्या बाबतीत पत्रक काढण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नाही. घरात बायको नाही, लेक निपाणीला दिलेली, दिवसभर बसायला जागा नाही, म्हणून म्हातारा येतो आपल्या जुन्या खोलीत, असा आमचा हिशेब. तो खोटा नव्हता. दुकान बंद असलं की आप्पा उंबऱ्यावर बसून राहायचे.

मग दोरा सरकू लागला.

गणपती झाले तेव्हा आठ हातांवरचा दोरा नवावर गेला. दिवाळीला दहावर. आप्पा स्वतः खिळे उपटायचे आणि मागे ठोकायचे. विचारलं की म्हणायचे, "हितनं समदं झ्याक दिसतंय." संक्रांतीला दोरा उंबऱ्याला टेकला. त्यांचं दिसणंही काही कमी वाटत नव्हतं. उंबऱ्यावरून ते पडद्याच्या कोपऱ्यातला बारीक आकडा बरोबर वाचायचे, तरुण पोरांना जमायचं नाही असा. म्हणून कुणालाच शंका आली नाही.

दुसऱ्या तक्रारी मात्र वाढल्या होत्या. आप्पा माजले, असं गल्ली म्हणू लागली. समोरून आलं तर बोलतात, बाजूने गेलं की ओळखसुद्धा देत नाहीत. बोळात माणसांना धडकतात. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या पानातला लाडू उचलला. वर "माझाच की रं" म्हणाले. एका बाईची घागर त्यांच्या धक्क्याने फुटली तेव्हा ती भर गल्लीत म्हणाली, "म्हाताऱ्याला डोळं हायती का गारगोट्या?" सगळे हसले. मीही हसलो. तिने प्रश्न बरोबर विचारला होता, उत्तर कुणी शोधलं नाही.

श्रावणात दोरा उंबरा ओलांडून रस्त्यावर आला. आप्पांनी एक खिळा गटारीच्या कठड्यात ठोकला आणि दुसरा समोरच्या पिठाच्या गिरणीच्या दाराला. बाकडं बाहेर ओढून आणलं. भर गल्लीत आडवा दोरा. एक सायकलवाला त्यात अडकून पडला, गुडघा फुटला, भांडण झालं. सुरेश बाहेर आला. त्याने दोरा तोडला, आप्पांचा दंड धरला.

"आप्पा, आता पुन्यांदा हिकडं यायचं न्हाई. लई झालं."

"आरं पोरांचं डोळं..."

"पोरांच्या डोळ्यांचं त्यांचे आईबाप बघतील. तुम्ही घरला जावा."

आप्पा गेले. तुटलेला दोरा हातावर गुंडाळत गेले. विणकराला सूत टाकवत नाही.

आता आमच्या मंडळाला जाग आली. अन्याय. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. 'ज्येष्ठ विणकराचा भर चौकात अपमान.' खाली पाच मागण्या. दुकानदाराने जाहीर माफी मागावी इथपासून खोली विणकरांना परत मिळावी इथपर्यंत. डोळ्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. पत्रकं पार पिरनवाडीपर्यंत वाटली. सुरेश घाबरला, माफी मागायला तयार झाला. फक्त आप्पांची लेखी तक्रार हवी होती, म्हणून मी कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो.

आप्पांनी चहा केला. मी कप त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला आणि कागद समोरच्या पाटावर. पेन हातात दिलं. पेन नेता नेता त्यांनी कप पाडला. मग सही केली. 'गणपत' कागदावर आलं, आडनाव पाटावर.

मी बघत राहिलो. ते लिहीतच होते.

"आप्पा, कागद संपला."

"संपला व्हय? सांगायचं न्हाई का लेका."

"तुम्हाला दिसत न्हाई?"

"दिसतंय की. तुझं नाक दिसतंय." ते जरा थांबले. "तोंड बघायचं म्हटलं की तू त्या दारात जाऊन हुबा ऱ्हा."

मी दारात जाऊन उभा राहिलो.

"हां. आता समदा मावलास."

मग त्यांनी सांगितलं, अगदी सहज. आधी परातीएवढं दिसायचं. मग ताटाएवढं. आता वाटीएवढं दिसतं, त्यातलं स्वच्छ, बाहेर धूर. जवळ गेलं की वस्तूचे तुकडे दिसतात. लांब गेलं की वाटीत सगळं मावतं. आठ हातांवर पडदा मावत होता. मग नऊ हातांवर मावू लागला. मग दहा. दोरा आप्पांनी पोरांसाठी बांधला होता आणि मोजत होते स्वतःच्या डोळ्यांनी. आमच्या सगळ्यांच्या देखत, वर्षभर, त्यांची नजर किती उरली ते त्या दोऱ्यावर दिसत होतं. आम्ही त्याला खूळ म्हटलं.

"कुणाला सांगितलं का न्हाई?"

"काय सांगायचं? मागाचा शीण हाय त्यो. पस्तीस वर्सं डोळं वापरलं, त्यास्नी इसावा दिला की येतंय परत, असं आमचं वडील म्हणायचं. म्हणून रोज डोंगर बघतोय. पर डोंगर बी हल्ली बारीक झालाय रं."

शीण म्हणून दोन वर्षं डोंगर बघत बसले. लांब बघितल्याने शिणलेला डोळा निवतो हे खरं. पण प्रत्येक डोळा शिणलेलाच असतो असं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना बेळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर समोर बसले, आप्पांचा एक डोळा झाकला आणि आपलं बोट कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणू लागले. "माझ्या नाकाकडे बघा. बोट दिसलं की सांगा." आप्पा गप्प. बोट नाकासमोर आलं तेव्हा म्हणाले, "हे बगा आलं." डॉक्टरांनी पुन्हा केलं. आप्पांनी सुचवलं, "डॉक्टर, तुम्ही जरा आठ हात मागं सरा की." मला हसू आलं, आणि त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

काचबिंदू. मागाचा संबंध नाही, टीव्हीचाही नाही. गेलेली नजर परत येत नाही. दोन वर्षांपूर्वी दाखवायला आले असते तर बरीच राखता आली असती. आता थेंब घाला, बघू. डॉक्टरांनी हे मला सांगितलं, पण आप्पा ऐकत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"मग डॉक्टर, त्या मोठ्या टीव्हीवर खेळत्यात त्या पोरांचं असं व्हत न्हाई?"

"नाही आजोबा. डोळे शिणतील, कोरडे पडतील, डोकं दुखेल. लांब बसावं, मधूनमधून लांब बघावं, पापण्या मिटाव्यात. आंधळं नाही कुणी होत."

आप्पांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. वर्षभर ते त्या बाकड्यामागे उभे राहून पोरांना आपल्या वाटेवरून मागे ओढत होते. ती पोरं त्या वाटेवर नव्हतीच. एवढं कळल्यावर ते खुर्चीत सैल झाले, खांदे खाली आले. स्वतःबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर फक्त म्हणाले, "बरं झालं बाबा. मला लई घोर हुता."

थेंबांनी काही उपयोग झाला नाही. पुढच्या उन्हाळ्यात वाटीची पळी झाली, आणि पावसाळ्याआधी तीही गेली. लेक त्यांना निपाणीला न्यायला आली होती, ते गेले नाहीत. सुरेशने माफी मागितली, दुकानात बसायला खुर्ची दिली. आप्पा आवाज ऐकत बसतात. आमच्या पत्रकातल्या पाचपैकी एक मागणी पूर्ण झाली म्हणून आम्ही मंडळात पेढे वाटले होते, हेही इथे नोंदवून ठेवतो.

म्हणून ह्या वेळच्या पत्रकातली मागणी दुकानदाराकडे नाही, सरकारकडे नाही. तुमच्याकडे आहे. तुमच्या घरात एखादं म्हातारं माणूस असेल. हल्ली धडकत असेल, पाणी सांडत असेल, ओळख देत नसेल. तुम्ही त्याला हट्टी म्हणत असाल. हा कागद खाली ठेवा. त्या माणसासमोर बसा. त्याचा एक डोळा झाका, त्याला तुमच्या नाकाकडे बघायला सांगा आणि आपलं बोट उघड्या डोळ्याकडच्या कानापासून हळूहळू पुढे आणा. कधी दिसलं ते विचारा. उशिरा दिसलं तर उद्या नाही, आजच त्याला उठवा आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. लवकर दिसलं तरी वर्षातून एकदा न्याच. बोटाच्या भरवशावर राहू नका.